डीजेची पेटी घरात चालत नाही: पहिला सबवूफर मोजून कसा बांधावा

खान्देशात लग्नसराई लागली की पंधरा आणि अठरा इंची वूफरच्या पेट्या टेम्पोवर रचलेल्या दिसतात. घरी सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा (बेसचा) स्पीकर, करायचं डोक्यात आलं की तीच पेटी लहान करून बनवावी असं वाटतं. तसं केलं तर आवाज मोठा येतो, पण बेस म्हणून ऐकू येतो तो एकाच सुराचा धबधबाट. वरातीचा वूफर थोड्या वॅटमध्ये लांबवर पोचावा म्हणून बनवलेला असतो आणि बहुतेक वेळा ५०-६० हर्ट्झच्या खाली तो फारसं काही करत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत गरज उलटी असते. आवाज माफक पुरतो, पण तो ४० हर्ट्झच्या आसपास खोल गेला पाहिजे. त्यासाठी पेटीचं माप दुसऱ्याच्या पेटीवरून न घेता हातातल्या वूफरवरून काढावं लागतं.

पहिल्यांदा बांधणाऱ्याने १० इंची एक वूफर, ४० लिटरच्या आसपासची पूर्ण बंद पेटी आणि ५० ते १०० वॅटचा अॅम्प्लिफायर एवढ्यावरच सुरुवात करावी. भोकाची, म्हणजे पोर्टची पेटी नंतर. बंद पेटीत माप पाच-दहा टक्के चुकलं तरी ऐकणाऱ्याला कळत नाही, पोर्टच्या पेटीत लगेच कळतं.

वूफर घेताना

सुटा वूफर जळगावला घ्या की धुळ्याला, काउंटरवर ‘दहा इंच, चार ओहम, ३०० वॅट’ एवढंच कळतं. यातल्या वॅटच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा, पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेले वॅट) लिहिलं असेल तर वाचूच नका. पेटीसाठी तीन आकडे लागतात: एफएस, म्हणजे वूफर मोकळ्या हवेत स्वतःहून ज्या कंपनसंख्येला जास्तीत जास्त हलतो ती, क्यूटीएस, म्हणजे त्या हलण्याला मॅग्नेटचा आणि घर्षणाचा मिळून किती आवर बसतो त्याचं माप, आणि व्हीएएस, म्हणजे त्याच्या सराऊंड-स्पायडरइतकीच (कोन धरून ठेवणारी कडेची रिंग आणि मागची जाळी) स्प्रिंग देणारी हवा किती लिटर. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात या पद्धतीचा निबंध मांडला आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात ती पुरी केली. म्हणून या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. नामांकित वूफरबरोबर हे कागदावर मिळतात. न मिळाले तर घरी मोजता येतात, त्याची रीत पुढे आहे.

दुकानात दोन गोष्टी हातानेच बघा. दोन्ही हातांची बोटं कोनवर, म्हणजे वूफरच्या पुढच्या हलणाऱ्या शंकूवर, समोरासमोर ठेवून तो सरळ आत दाबा. खरखर आली तर कॉइल घासते आहे, तो वूफर परत द्या. मग कडेचा सराऊंड बघा. घड्या पडलेला कडक कापडी सराऊंड म्हणजे स्टेजचा वूफर. घरासाठी जाड रबराचा गोल सराऊंड हवा. फोमचा सराऊंड काही वर्षांत भुगा होऊन गळतो. मल्टिमीटर लावला तर ४ ओहमचा वूफर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. पूर्ण ४ का नाही म्हणून भांडू नका, डीसीवर तो कमीच दाखवणार.

घरी मोजण्याची रीत

लागतं ते एवढंच: टोन जनरेटरचं अॅप असलेला मोबाइल, कुठलाही बरा अॅम्प्लिफायर, १००० ओहमचा अर्ध्या वॅटचा एक रेझिस्टर, १० ओहमचा एक रेझिस्टर, आणि एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर. सगळ्यात स्वस्त मीटरवर एसीला फक्त २०० आणि ६०० व्होल्टची रेंज असते, तो इथे उपयोगाचा नाही. मोबाइलमधलं इक्वलायझर आणि बेस बूस्ट आधी बंद करा.

नवा वूफर आखडलेला असतो. २५ हर्ट्झचा टोन देऊन कोन डोळ्यांना हलताना दिसेल इतपत तासभर चालू द्या, मगच मोजा. मग अॅम्प्लिफायरच्या आउटपुटला १००० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यापुढे वूफरच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर जोडा. १०० हर्ट्झचा टोन लावून १० ओहमच्या दोन टोकांवर मीटरने १० मिलिव्होल्ट येईपर्यंत आवाज वाढवा. आता १ मिलिव्होल्ट म्हणजे १ ओहम. अॅम्प्लिफायर लहान असेल आणि एवढं येत नसेल तर ५ मिलिव्होल्टवर थांबा आणि पुढचं प्रत्येक वाचन दुप्पट धरा. यानंतर आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही.

१० ओहमचा रेझिस्टर काढून तिथे वूफर लावा. तो टेबलावर आडवा ठेवू नका. मागचं भोक झाकलं गेलं की आकडे बिघडतात. दोरीने टांगा किंवा दोन पाटांच्या मध्ये उभा धरा. १५ हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ वर चढा. मीटर चढत जाईल, एका ठिकाणी शिखर गाठेल आणि उतरेल. शिखराची कंपनसंख्या हा एफएस.

उदाहरण घेऊ. डीसी ओहम ३.६, शिखर ३४ हर्ट्झला आणि तिथे ३२.४ ओहम. ३२.४ ला ३.६ ने भागलं की ९. त्याचं वर्गमूळ ३. आता शिखराच्या दोन्ही बाजूंना ३.६ × ३ म्हणजे १०.८ ओहम कुठे येतात ते शोधा. समजा खाली २५ आणि वर ४६.२ हर्ट्झला आले. मोजमाप नीट झालं की नाही हे इथेच कळतं: २५ × ४६.२ याचं वर्गमूळ ३४च्या जवळ आलं पाहिजे, आणि ते येतं. फार फरक आला तर कुठेतरी तार सैल आहे किंवा वूफर नीट टांगलेला नाही.

पुढचं गणित सोपं आहे. ३४ × ३ भागिले (४६.२ वजा २५) म्हणजे ४.८१. याला ९ ने भागलं की क्यूटीएस आला ०.५३. त्याच ४.८१ला (९ वजा १) म्हणजे ८ ने भागलं की क्यूईएस, म्हणजे एकट्या मॅग्नेटच्या आवराचं माप, ०.६०. एफएसला क्यूईएसने भागा: ५७. हा भागाकार ५०च्या आसपास असेल तर वूफर बंद पेटीचा, १००च्या वर असेल तर पोर्टचा. मधल्यांचं दोन्हीकडे जमतं.

व्हीएएससाठी रद्दी प्लायची ३० लिटरची घट्ट पेटी करा. तेलाचा पत्र्याचा डबा चालत नाही, त्याच्या भिंती हवेबरोबर फुगतात-दबतात. वूफर भोकावर पालथा, मॅग्नेट बाहेर ठेवून आवळला तरी चालतो, फक्त कोनच्या खळग्याची जागा ३० लिटरमध्ये धरा. पुन्हा शिखर शोधा. समजा ते ५२ हर्ट्झला गेलं. ५२ ला ३४ ने भागून वर्ग करा, १ वजा करा, ३० ने गुणा: ४० लिटर.

पेटी किती लिटरची

बंद पेटीत वूफर घातला की त्याचं क्यूटीएस वाढून जो आकडा होतो त्याला क्यूटीसी म्हणतात. ०.७०७ आला तर बेस सपाट आणि आटोपशीर. ०.९च्या पुढे गेला की ढोलाचा प्रत्येक ठोका शेपूट ओढत येतो. सूत्र असं: व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागा, १ मिळवा, वर्गमूळ काढा, त्याने क्यूटीएसला गुणा. आपल्या वूफरला नेमका ०.७०७ हवा तर ५३ लिटर लागतात. ४० लिटरमध्ये गणित फार सुटसुटीत होतं: ४० भागिले ४० म्हणजे १, अधिक १ म्हणजे २, वर्गमूळ १.४१, आणि क्यूटीसी ०.७५. पेटीतलं शिखर ३४ × १.४१ म्हणजे ४८ हर्ट्झ. १३ लिटर वाचतात आणि कानाला फरक जवळजवळ नाही. खोलीच्या भिंती खालच्या सुरांना आणखी थोडा आधार देतातच. वीस लिटरमध्ये कोंबू मात्र नका, क्यूटीसी ०.९२ होतो.

४० लिटर निव्वळ हवे तर आतलं माप ४३ लिटर धरावं लागतं, कारण वूफरचा मॅग्नेट दीड-दोन लिटर खातो आणि मधली आधाराची फळी सुमारे एक. आतून ३२ सेंमी रुंद, ३८ उंच, ३५.५ खोल म्हणजे ४३.२ लिटर. १८ मिमी एमडीएफमध्ये तुकडे असे पडतात: पुढचे-मागचे ३५६ × ४१६ मिमीचे तीन (पुढची फळी दुहेरी), बाजूचे ३८० × ३५५ चे दोन, वरचा-खालचा ३५६ × ३५५ चे दोन, आणि आधाराची एक ३२० × ३८० ची फळी, जिचा मधला साठ टक्के भाग खिडकीसारखा कापून काढायचा. सगळं मिळून साधारण १२ चौरस फूट, म्हणजे आठ बाय चारच्या एका शीटमधून तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. रिकामी पेटी साधारण १२-१३ किलोची होते.

माप सुताराला मिलिमीटरमध्ये लिहून द्या. ‘भाऊ, चौदा इंच आणि एक सूत’ असं तोंडी सांगितलं की घोळ होतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या वर. सांध्यात तेवढी फट राहिली तर फेविकॉल ती भरत नाही. मॉड्युलर किचन बनवणाऱ्यांकडे पॅनल सॉ असतो, तिथे सगळे तुकडे एकाच बैठकीत कापून घ्या. एकसारख्या मापाचे तुकडे एकाच सेटिंगवर कापले की पेटी आपोआप काटकोनात येते.

एमडीएफ की प्लाय हा वाद बराच चालतो. एमडीएफ एकसंध असतो, सरळ कापला जातो, रंग छान घेतो, आणि पाणी लागलं की पापडासारखा फुगतो. घर पावसाळ्यात गळत असेल किंवा पेटी शेतातल्या भरीत पार्टीला न्यायची असेल तर आयएस ७१० छापाचा १८ मिमी मरीन प्लाय घ्या. पार्टिकल बोर्ड नको, त्यात स्क्रू दुसऱ्यांदा पकडत नाही. एमडीएफ कापताना आणि घासताना मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

जोडणी

भोकाचा व्यास वूफरच्या नावावरून काढू नका. दहा इंची वूफरचं भोक २३ सेंमीच्या आसपास असतं, नेमकं स्वतःच्या वूफरवर मोजा. पुढच्या दोन फळ्या आधी एकमेकींना चिकटवून, वजन ठेवून रात्रभर वाळू द्या आणि भोक सकाळी पाडा.

चिकटवण्याची वेळ सांभाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या घरात जातो. दुपारी लावलेल्या फेविकॉलवर क्लॅम्प आवळेपर्यंतच साय धरते, आणि सांधा वरून पक्का, आतून कोरडा राहतो. पहाटे काम करा. दोन्ही कडांना फेविकॉल लावा, कारण एमडीएफची कापलेली कड तो स्पंजासारखा पिते. स्क्रू मारायचे तर आधी बारीक भोक पाडा, नाहीतर कड दुभंगते. आधाराची फळी मॅग्नेटच्या मागे येईल अशी, पेटीच्या पुढून-मागच्या खोलीच्या बरोबर अर्ध्यावर न ठेवता थोडी सरकवून लावा. आतल्या सगळ्या कोपऱ्यांत फेविकॉलची किंवा अॅक्रेलिक सीलंटची जाड रेघ ओढा. आंबट वासाचं सिलिकॉन वापरलं तर वूफर बसवण्याआधी पेटी दोन-तीन दिवस उघडी ठेवा, त्याची वाफ तांब्याला गंज आणते.

आत काय भरायचं? कापसाच्या मुलखात पहिला हात कापसाकडेच जातो. तो भरू नका. कापूस दमट हवेत ओल धरतो, चार महिन्यांत तळाला गोळा होऊन बसतो, आणि सरकी राहिली असेल तर किडेही येतात. गादीवाल्याकडे उशीत भरायचं रेक्रॉन मिळतं. ४० लिटरला ३०० ते ४०० ग्रॅम पिंजून, सैल भरा. मॅग्नेटच्या मागच्या भोकासमोर चार बोटं जागा मोकळी ठेवा. दाबून भरलं तर पेटीची जागाच कमी होते.

वूफरच्या रिंगखाली फोमची पट्टी चिकटवून स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे आवळा, गाडीच्या चाकासारखे. मग गळती तपासा. कोन हळूच आत दाबून सोडा. घट्ट पेटीत तो सावकाश परत येतो, गळक्या पेटीत झटकन. झटकन आला तर ३० हर्ट्झचा टोन हलक्या आवाजात लावून पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून, टर्मिनलच्या (तारा जोडायच्या जागेच्या) कडेने आणि वूफरच्या रिंगभोवती फिरवा. जिथे धूर फडफडतो तिथे भोक आहे. दहातल्या सात वेळा ते टर्मिनलच्या वाटीपाशी सापडतं. ही फट लहान वाटते, पण जोरात वाजवताना तिथून ‘फुस्स’ आवाज येतो आणि लोक वूफर फाटला म्हणून दुकानात परत नेतात.

अॅम्प्लिफायर आणि तारा

टीपीए३११६ या आयसीवर बनलेला २.१ बोर्ड पहिल्या कामाला पुरतो: दोन बाजूंना ५० वॅटपर्यंत, सबला वेगळा चॅनल, आणि किती हर्ट्झपर्यंतचा बेस सबला जाईल याचं बटण. त्याला २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, द्या. आयसी २६ व्होल्टपर्यंतच झेपवते, त्यामुळे एसएमपीएसचा छोटा स्क्रू फिरवून ‘थोडा जास्त पॉवर’ काढायला जाऊ नका. या बोर्डांच्या आउटपुटची एकही तार ग्राउंड नसते. टीडीए२०३० या जुन्या आयसीच्या सवयीने दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र बांधल्या तर बोर्ड गप्प होतो किंवा जळतो. तसंच, एक ४ ओहमचा वूफर चालतोय म्हणून दुसरा समांतर जोडला की भार २ ओहम होतो. बोर्डाच्या कागदावर २ ओहम लिहिलं नसेल तर ते करू नका.

अॅम्प्लिफायर वूफरच्या पेटीत बसवू नका. तिथे हवा नाही, बटणांच्या भोकांतून गळती होते, आणि थरथरीने डाग दिलेले सांधे महिनाभरात सुटतात. वेगळा डबा करा, त्याला खाली आणि वर दोन्हीकडे भोकं ठेवा. उन्हाळ्यात गाणं मध्येच बंद पडून दहा मिनिटांनी आपोआप सुरू होत असेल तर आयसी तापून स्वतःला बंद करते आहे. मोठा हीटसिंक हाच उपाय.

तार १.५ चौरस मिमीची घरगुती वायरिंगची तांब्याची घ्या. पाच मीटरला जाऊन-येऊन सुमारे ०.१ ओहम होतो, ४ ओहमपुढे तो काहीच नाही. महागड्या स्पीकर केबलचे पैसे वूफरमध्ये घाला. जोडण्यापूर्वी दीड व्होल्टच्या सेलची धन बाजू वूफरच्या लाल टोकाला क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला पाहिजे. आत गेला तर खुणा उलट्या छापल्या आहेत.

बाजूच्या स्पीकरला चार इंची फुल रेंज ड्रायव्हर (सगळे सूर वाजवणारा सुटा स्पीकर), प्रत्येकी पाच लिटरच्या बंद पेटीत, एवढं पुरेसं. त्यातून बेस काढून टाकायला मोठा कपॅसिटर लावायची युक्ती बरेच जण सांगतात. ८ ओहमला १०० हर्ट्झसाठी २०० मायक्रोफॅरड लागतो, आणि ड्रायव्हरचा ओहम त्याच भागात शिखर गाठत असल्याने तो कपॅसिटर ठरल्याप्रमाणे कापतच नाही. हे काम अॅम्प्लिफायरच्या आधी, सिग्नलमध्येच झालेलं बरं. वेगळा ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) लावलाच तर ८ ओहमला ४.७ मायक्रोफॅरडचा नॉनपोलर कपॅसिटर सुमारे ४,२०० हर्ट्झच्या खालचं अडवायला लागतो. साधा ध्रुव असलेला कपॅसिटर तिथे टिकत नाही.

पोर्टची पेटी, दुसऱ्या खेपेला

एफएस-क्यूईएसचा भागाकार १००च्या आसपास देणारा वूफर मिळाला की पोर्ट करा. पाइपची चिंता खान्देशात नको. ठिबकच्या मेन लाइनचे पीव्हीसी तुकडे शेतोशेती पडलेले असतात. फक्त ११० मिमी हे पाइपचं बाहेरचं माप असतं, गणिताला आतला व्यास लागतो. सूत्र: आतल्या व्यासाचा (सेंमीमध्ये) वर्ग गुणिले २३,५६२.५, भागिले (हव्या हर्ट्झचा वर्ग गुणिले लिटर), त्यातून ०.७३ पट व्यास वजा. ५० लिटर, ३२ हर्ट्झ आणि आतून १० सेंमीचा पाइप असेल तर लांबी ३८.७ सेंमी येते. आतून ७ सेंमीचा घेतला तर १७.४ सेंमी. छोटा पाइप बसवायला सोपा, म्हणून मोह होतो. पण तेवढीच हवा त्यातून दुप्पट वेगाने जाते आणि भोकातून घोरल्यासारखा आवाज येतो. मोठाच घ्या. आतलं टोक मागच्या फळीपासून निदान १० सेंमी लांब ठेवा, जागा नसेल तर एल्बो लावा. पाइपने अडवलेले साडेतीन-चार लिटर पेटीत वाढवा. आधी पाइप दोन सेंमी जास्तच कापा. वर सांगितलेल्या मोजणीत आता दोन शिखरं दिसतील आणि त्यांच्यामधला खळगा ३२ला येईपर्यंत थोडं-थोडं कापत जा. बाहेरचं तोंड शेतात सॉकेट काढतात तसं तापवून गोल वाटीवर दाबलं की थोडं फाकतं आणि घोरणं कमी होतं. हे काम उघड्यावर करा, पीव्हीसी जळू देऊ नका. आणि लक्षात ठेवा, ३२च्या खाली पोर्टच्या पेटीत वूफरला हवेचा आधारच राहत नाही. सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) नसेल तर एखाद्या रिमिक्सच्या २० हर्ट्झच्या ठोक्याला कॉइल मागच्या लोखंडावर आपटते.

खोलीत ठेवताना

१२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज स्वतःच फुगतो, सब कितीही चांगला असो. म्हणून सब बसायच्या जागी, पलंगावर ठेवा, ओळखीचं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर फिरा. जिथे ढोल आणि बेस गिटार दोन्ही सारखेच स्पष्ट ऐकू येतात तिथे सब ठेवायचा. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येतो, सगळ्यात स्वच्छ क्वचितच. वर पत्रे असतील तर ३० ते ८० हर्ट्झ हळूहळू फिरवून बघा, कुठला पत्रा किंवा कुठली खिडकी थरथरते ते कळेल. तिथे रबराचा वॉशर घाला.

सबचं बटण ८०-१०० हर्ट्झवर ठेवून त्याच कंपनसंख्येचा टोन लावा आणि सबच्या तारा एकदा सरळ, एकदा उलट जोडून ऐका. ज्या जोडणीत बसल्या जागी आवाज मोठा येतो ती बरोबर. पहिला पावसाळा संपला की वूफरचे स्क्रू पुन्हा आवळा. एमडीएफ आणि फोमची पट्टी दोन्ही बसतात, आणि उदबत्ती पुन्हा एकदा फिरवावी लागते.